हप्ता भरला, पण पहारा कोणाचा?

ज्याच्या पदरातून नुकसानीची भरपाई व्हावयाची, त्याने मालाच्या राखणीची काळजी वाहावी, हा व्यवहारातला अगदी साधा न्याय आहे. आणि विम्याच्या धंद्याचा पूर्वेतिहास पाहिला तर तो बव्हंशी या एकाच न्यायाचा इतिहास आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. परंतु आजच्या व्यापाऱ्यास 'तुम्ही विमा कशासाठी उतरविता?' असे विचारले, तर 'माल गेल्यावर पैसे मिळावेत म्हणून' एवढेच उत्तर तो देईल. माल मुळी जाऊच नये याची काही चिंता विमा कंपनीनेही वाहिली पाहिजे, ही कल्पना त्याच्या मनास शिवत नाही. आणि कंपनीच्या मनास तर ती त्याहूनही कमी शिवते. हा पालट कसा झाला, व त्यात व्यापाऱ्याचे आणि पहारेकऱ्याचे काय हरपले, याचा विचार आज करण्याचे योजिले आहे.

विचारास निमित्त आमच्या दाराशीच आहे. सांगली व मिरज यांच्या दरम्यानची विश्रामबाग, जेथे १९१९ साली विलिंग्डन कॉलेज स्थापन झाले, ती आता पेढ्या, बँका व सराफी दुकाने यांनी गजबजून गेली आहे. ४ जून २०२३ रोजी, रविवारी, याच भागात सांगली-मिरज रस्त्यावरील एका मोठ्या सराफी दालनावर पोलीस असल्याची बतावणी करून सशस्त्र टोळीने भर दिवसा दरोडा घातला आणि कोट्यवधींचे दागिने लुटून नेले. त्यानंतर जो तो आपल्या दारी पहारेकरी व कॅमेरे बसवू लागला, तर त्यात नवल ते काय? परंतु ज्याला दोन पहारेकरी ठेवणे परवडते तो सुरक्षित, आणि ज्याला ते परवडत नाही त्याने देवावर हवाला ठेवून कुलूप लावावे, ही व्यवस्था कोणत्या शहाण्या समाजास शोभेल?

आपल्या पूर्वजांनी पहारा व भरपाई यांची फारकत केली नव्हती. दख्खनच्या गावोगावी रामोशी, व दक्षिणेकडे बेरड, हे राखणदार असत. १८१९ साली माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी जो अहवाल लिहिला, त्यात या पद्धतीचे वर्णन आहे. गावात चोरी झाली तर राखणदाराने चोराचा माग काढावा. तो दुसऱ्या गावाच्या शिवेपर्यंत पोहोचविला म्हणजे जबाबदारी त्या गावाकडे जाई. आणि माग लागला नाही तर गेलेल्या मालाची भरपाई राखणदाराकडून, व तेवढी त्याची ऐपत नसल्यास गावाकडून, घेण्यात येई. म्हणजे गावाकडून मिळणारा हक्क हाच हप्ता, राखणदार हाच पहारेकरी, आणि तोच भरपाई करणाराही! या पद्धतीत दोष नव्हते असे आम्ही म्हणत नाही; राखणीचा हक्क चुकविल्यास चोरीची भीती घालणारेही त्यात होते. पण राखणदाराचा हक्क काढून घेतल्याने काय होते हेही इतिहासाने दाखविले आहे. पुरंदरच्या रामोशांचे किल्ल्याच्या राखणीचे परंपरागत हक्क गेले आणि त्यातूनच उमाजी नाईकांचे बंड पेटले; ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यास त्यांना फाशी देण्यात आले.

गावच्या राखणीची ही गोष्ट झाली. वाटेवरच्या मालाचीही व्यवस्था तशीच होती. आमच्या बाजारपेठेतील हुंडेकरी हा शब्द वाचकांच्या रोजच्या ओळखीचा आहे. पण हुंडेभाडे म्हणजे मुळात नुसते गाडीभाडे नव्हे. एक ठोक रक्कम घेऊन, वाटेवरील जकाती भरून, माल सुखरूप पोहोचविण्याचा मक्ता म्हणजे हुंडेभाडे. सर जॉन माल्कम याने १८२३ साली प्रसिद्ध केलेल्या मध्य हिंदुस्थानविषयीच्या ग्रंथात माळव्यातील सावकारांच्या विम्याची हकीकत आली आहे. जो मक्ता घेई त्यालाच वाटेची बातमी काढावी लागे, आणि गरज पडेल तेथे हत्यारबंद माणसे बरोबर द्यावी लागत. वाट धोक्याची तर दर चढा, वाट निर्धास्त तर दर उतरता! 'जोखीम' हा आपला एकच शब्द धोका व मौल्यवान माल या दोन्ही अर्थी चालतो, यातच सारे आले.

विलायतेतही आरंभ असाच झाला. १६६६ सालच्या प्रचंड आगीत लंडन शहर जळाले. पुढे १६८० च्या सुमारास निकोलस बार्बन याने घरांच्या आगीचा विमा उतरविण्याची कचेरी काढली, आणि अशा कचेऱ्यांची संख्या वाढू लागली. या कंपन्यांनी आपापले बंब ठेविले, थेम्स नदीवरील नावाडी आग विझविण्यासाठी नेमून त्यांना आपापल्या रंगाचे पोषाख दिले, आणि विमा उतरलेल्या घरांवर आपल्या खुणेचे शिशाचे पत्रे ठोकले. पत्रा नसलेले घर या लोकांनी खुशाल जळू दिले, अशी गोष्ट पुष्कळ ठिकाणी सांगितली जाते; परंतु तिला भक्कम पुरावा नाही. आणि शेजारचे घर जळू देण्यात कंपनीचा तरी काय लाभ होता? आग पत्रा पाहून थांबत नाही. हेच ओळखून १८३३ साली दहा कंपन्यांनी आपले बंब एकत्र केले आणि जेम्स ब्रेडवुड यास त्यांचा मुख्य नेमिले.

यानंतरची घटना आमच्या म्युनिसिपालिट्यांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. जून १८६१ मध्ये टूली स्ट्रीटवरील वखारींस आग लागून खुद्द ब्रेडवुड भिंतीखाली सापडून मेला, आणि कंपन्यांचे एवढे नुकसान झाले की, साऱ्या शहराची राखण आम्ही आपल्या खर्चाने यापुढे करू शकत नाही, असे त्यांनी सरकारास कळविले. १८६५ साली कायदा झाला व १८६६ पासून लंडनचा बंबखाना सार्वजनिक झाला. मात्र कंपन्यांस मोकळे सोडण्यात आले नाही. दर दहा लक्ष पौंडांच्या विम्यामागे ३५ पौंड त्यांनी बंबखान्याच्या खर्चास द्यावेत, असे त्या कायद्यात ठरले. चोरीच्या बाबतीत तर हे स्थित्यंतर त्याआधीच झाले होते. थेम्स नदीवरील गोदीतील चोऱ्या थांबविण्यासाठी १७९८ साली वेस्ट इंडीजच्या व्यापाऱ्यांनी पैसे देऊन पॅट्रिक कोल्कहून याच्या योजनेप्रमाणे नदीचे पोलीस उभे केले, आणि अवघ्या दोन वर्षांत, १८०० साली, सरकारने ते आपल्या ताब्यात घेतले. ज्यांचा पैसा धोक्यात असतो ते पहारा सुरू करतात; पण धोका जेव्हा सर्वांचा ठरतो, तेव्हा तो पहारा सार्वजनिक करावाच लागतो, हा याचा इत्यर्थ.

मुंबईने हा धडा फार मोठी किंमत देऊन घेतला आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीन या बोटीवरील दारूगोळ्याचा स्फोट झाला आणि आग विझविता विझविता बंबखान्याचे ६६ जवान कामी आले. त्या नुकसानीची भरपाई विमा कंपन्यांच्या भरवशावर न ठेवता सरकारला खास वटहुकूम काढावा लागला. विम्याची पॉलिसी जेथे संपते तेथे समाजाचे कर्तव्य सुरू होते, हे याहून स्पष्ट कोणी सांगावे?

आता आमच्या स्वदेशी कंपन्यांकडे वळू. १९१३ साली अण्णासाहेब चिरमुले यांनी साताऱ्यास वेस्टर्न इंडिया लाइफ इन्शुरन्स कंपनी काढली, तेव्हा आपला पैसा परक्यांच्या तिजोरीत न जाता आपल्याच मुलखात राहावा, हा हेतू होता, आणि तो सर्वथा स्तुत्य होता. १९५६ साली आयुर्विमा राष्ट्राच्या मालकीचा झाला. १९७३ पासून आग, चोरी इत्यादींचा विमा चालविणाऱ्या १०७ कंपन्या एकत्र करून चार सरकारी कंपन्यांच्या हाती देण्यात आल्या. आणि १९९९ च्या कायद्याने खासगी कंपन्यांस पुन्हा दार उघडले. २००७ च्या आरंभापर्यंत आगीच्या विम्याचे दर ठरीव असत, व आग विझविण्याची साधने बसविणाऱ्यास त्यात ठरीव सूट मिळे. ते दर मोकळे झाल्यापासून कोणाचा हप्ता स्वस्त याचीच चढाओढ लागली आहे. मालकी बदलली, दर बदलले. पण गिऱ्हाइकाच्या वखारीत जाऊन 'तुमचे मागले दार कच्चे आहे' असे सांगणारा माणूस किती व्यापाऱ्यांनी पाहिला आहे?

पहारा उरला तो कागदावर. पॉलिसीच्या बारीक अक्षरांत 'रात्री पहारेकरी असला पाहिजे', 'दागिने तिजोरीत असले पाहिजेत', अशी कलमे असतात, आणि ती व्यापाऱ्यास प्रथम वाचावयास मिळतात ती बहुधा चोरी झाल्यानंतर! २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने हरचंदराय चंदनलाल या व्यापाऱ्याच्या खटल्यात असा निर्णय दिला की, पॉलिसीत घरफोडीची जी व्याख्या लिहिली असेल तीच बंधनकारक. बळाचा वापर करून आत शिरल्यावाचून झालेली चोरी त्या व्याख्येत बसत नसेल, तर भरपाई मिळणार नाही. कायद्याच्या दृष्टीने निर्णय बरोबर आहे. करार म्हणजे करार. पण मग करार वाचून, समजून, जरूर तेथे बदलून घेण्याचे काम व्यापाऱ्याने केले नाही, तर दोष कोणाचा? आमच्या व्यापाऱ्यांस हळदीचा भाव पैपर्यंत घासाघीस करता येतो. पॉलिसीवर मात्र ते डोळे मिटून सही करतात.

याहून मोठा अन्याय पहारेकऱ्यावर होत आहे. जुन्या राखणदारास गावात हक्क होता, मान होता. आजचा पहारेकरी बारा बारा तास उभा राहतो, त्याच्या हाती एक काठी व शिटी असते, आणि त्याच्या पाठीमागे लक्षावधींचा माल विम्याने सुरक्षित असतो. तो स्वतः मात्र असुरक्षित! दरोडेखोराची पहिली गोळी ज्याच्या छातीत शिरावयाची, त्याच्याच बायकामुलांची तरतूद कोणी करीत नाही. महाराष्ट्रात १९८१ सालापासून खासगी सुरक्षा रक्षकांच्या नोकरीचे नियमन व कल्याण यांसाठी कायदा आहे. सुरक्षा पुरविणाऱ्या संस्थांनी परवाना घ्यावा व आपल्या माणसांस शिक्षण द्यावे, असा २००५ सालचा केंद्राचा कायदाही आहे. कायदे आहेत, पण स्वस्तात स्वस्त माणूस कोठे मिळेल हे पाहणाऱ्या मालकापुढे कायदा काय करणार?

म्हणून आमची सूचना अशी आहे. विश्रामबागेतील व्यापाऱ्यांनी एकेकट्याने पहारे न ठेविता रस्त्यागणिक एक संयुक्त पहारा ठेवावा, त्यावर नोंदलेले व शिकविलेले पहारेकरीच नेमावेत, आणि ज्याची ऐपत थोडी त्याची वर्गणीही थोडी असावी. असा पहारा ठेविल्याबद्दल हप्त्यात किती सूट देता, हे विमा कंपनीस सर्वांनी मिळून लेखी विचारावे. एकट्याचे न ऐकणारी कंपनी पन्नास दुकानदारांचे ऐकेल. पहारेकऱ्यास कामगार विमा व इतर कायदेशीर हक्क मिळतात की नाही, हे मालकाने स्वतः पाहावे. आणि प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत तर वर्षाकाठी अवघ्या २० रुपयांत अपघाती मृत्यूबद्दल दोन लक्ष रुपयांची तरतूद होते. वीस रुपये! सराफी दुकानातील एका चहापाण्याचा खर्च याहून अधिक असेल. तेवढेही जो करीत नाही, त्याने आपल्या दारी कोणाचा मुलगा उभा आहे याचा एकदा विचार करावा.

आणि शेवटी म्युनिसिपालिटी व पोलीस यांस सांगणे आहे. संयुक्त पहारा हा त्यांच्या कर्तव्यास पर्याय नव्हे, त्याची पूर्वतयारी होय. २००५ व २०१९ च्या महापुरांनी आम्हांस दाखविले आहे की, कृष्णामाईचे पाणी कोणाची पॉलिसी विचारून बाजारात शिरत नाही. दरोडेखोरही विचारीत नाही. हप्ता ज्याचा त्याने भरावा, पण पहारा सर्वांचा असला पाहिजे. आणि त्या पहाऱ्यावर जो उभा आहे, त्याची राखण हे सर्वांचे पहिले कर्तव्य आहे.