धमाका ऐकलाच कुणी?

परग्रहवासीयांशी लढाई, यान फुटतं आणि कानठळ्या बसवणारा धमाका! टीव्हीवरच्या विज्ञानमालिकांतलं हे ठरलेलं दृश्य. जाणत्या प्रेक्षकाचा विरस होतो तो इथंच. ध्वनीला माध्यम लागतं. धुळे-सुरत महामार्गावरच्या ट्रकचा हॉर्न विसरवाडीतल्या घरात ऐकू येतो, कारण मधली हवा कंप पावते. अवकाशात जवळपास निर्वात पोकळी. तिथं स्फोट दिसेल, ऐकू येणार नाही.

दुसरी गफलत म्हणजे यानाबाहेर पडलेला माणूस क्षणात गोठतो. उष्णता वाहून न्यायला भोवती हवाच नसल्यानं शरीर सावकाश निवतं. खरा घात होतो ऑक्सिजनअभावी. साधारण १५ सेकंदांत शुद्ध हरपते.

तिसरी, मंगळाशी फोनवर गप्पा. रेडिओलहरी सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर धावतात, तरी अंतरानुसार निरोप पोहोचायला ३ ते २२ मिनिटं लागतात.

मग कल्पनेला लगाम घालायचा? मुळीच नाही. जयंत नारळीकरांनी १९७४ साली टोपणनावानं मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली आणि बक्षीस मिळवलं. कृष्णविवराजवळ काळ संथ होतो, हे सापेक्षतेचं गणितच केवढं नाट्य पुरवतं! मंगळावरच्या तळात आग लागलीय आणि निरोप जाऊन पृथ्वीवरून सल्ला यायला पाऊण तास लागणार, यापेक्षा उत्कंठा वाढवणारा प्रसंग कोणता? लेखकानं नियम पाळले, तर ते कथेच्याच कामी येतात.