विधिसंघर्षग्रस्त किशोरांचे समुपदेशन व पुनर्वसन : शहापूर-मुरबाड तालुक्यांच्या संदर्भात उपचारपद्धतींचा विचार

प्रस्तावना

'बालगुन्हेगार' हा शब्द आपल्या बोलण्यात अद्याप रूढ असला तरी कायद्याने तो केव्हाच टाकून दिला आहे. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ नुसार अपराधाचा आरोप असलेले अठरा वर्षांखालील मूल हे 'विधिसंघर्षग्रस्त बालक' होय. हा फरक केवळ शब्दांचा नाही. गुन्हेगार म्हटले की शिक्षेचा विचार मनात येतो. संघर्षग्रस्त म्हटले की संघर्षाची कारणे शोधणे भाग पडते. प्रस्तुत लेखात अशा मुलांसाठी वापरल्या जाणाऱ्या काही उपचारपद्धतींचा परिचय करून देऊन, त्या शहापूर व मुरबाड तालुक्यांतील मुलांपर्यंत कितपत पोचू शकतील, याचा विचार केला आहे. पाठ्यपुस्तकांत या पद्धती ओळीने येतात. पण समोरचा मुलगा डोळखांब किंवा टोकावडे परिसरातील वाडीवरचा असेल तर काय करावयाचे, हा प्रश्न तेथे येत नाही.

शिस्तीकडून समुपदेशनाकडे

मुंबईत अशा मुलांसाठी १८५७ मध्ये सुरू झालेली व डेव्हिड ससून यांच्या नावाने ओळखली जाणारी शाळा, १९२४ चा मुंबई बालक अधिनियम आणि १९२७ मध्ये स्थापन झालेली चिल्ड्रन्स एड सोसायटी, हे या क्षेत्रातील जुने टप्पे होत. त्या काळाची दृष्टी साधी होती : हाताला काम द्यावे, अंगाला शिस्त लावावी, म्हणजे मुलगा सुधारतो. मुलाच्या मनात काय चालले आहे, हा प्रश्न त्या मानाने उशिरा आला. प्रौढ कैद्यांच्या बाबतीत एक लक्षणीय अपवाद म्हणजे औंध संस्थानाने १९३९ मध्ये आटपाडीजवळ वसविलेली 'स्वतंत्रपूर' ही खुली वसाहत. 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) या चित्रपटामुळे तो प्रयोग सर्वांना परिचित झाला. माणसाला भिंतीआड न ठेवता शेती, कुटुंब आणि विश्वास यांच्या आधारे उभे करता येते, ही त्यामागील धारणा आजच्या उपचारशास्त्राला बरीच जवळची आहे.

उपचारपद्धती : काही निवडक विचार

ऑगस्ट आयशहॉर्न या व्हिएन्नातील शिक्षकाने १९२५ मध्ये मनोविश्लेषणाच्या आधारे वाट चुकलेल्या मुलांविषयी ग्रंथ लिहिला. मुलाचे वर्तन हे लक्षण आहे, रोग नव्हे, हे त्याचे प्रतिपादन होते. कार्ल रॉजर्स यांच्या व्यक्तिकेंद्री पद्धतीने समुपदेशकाच्या स्वीकारशील वृत्तीला महत्त्व दिले. या दोन्हींचा वारसा आजही मोलाचा आहे, पण येथे अधिक विचार करावयाचा तो विचार व वर्तन यांवर काम करणाऱ्या पद्धतींचा.

अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती मराठी वाचकास अपरिचित नाही. कि. मो. फडके यांनी ती आपल्याकडे रुजविली आणि ठाणे येथे १९९० मध्ये सुरू झालेल्या 'आयपीएच' या संस्थेच्या माध्यमातून डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ती सर्वसामान्यांपर्यंत नेली. प्रसंग आपल्याला संताप आणीत नाही, प्रसंगाविषयीची आपली धारणा संताप आणते, हे तिचे सूत्र. 'त्याने चारचौघांत माझ्या आईवरून शिवी दिली. आता मी त्याला मारलेच पाहिजे' यातील 'मारलेच पाहिजे' या हट्टाला समुपदेशक हात घालतो. आक्रमक किशोरांच्या बाबतीत हे उपयुक्त ठरते. मात्र त्यात एक अडचण आहे. ही पद्धत बोलण्यावर व स्वतःच्या विचारांना नाव देण्यावर उभी आहे. आश्रमशाळा पाचवी-सहावीत सोडलेला कातकरी वा ठाकूर मुलगा प्रमाण मराठीतील 'अविवेकी धारणा' या शब्दापुढे गप्प बसतो आणि त्या गप्प बसण्याची नोंद 'सहकार्य नाही' अशी होण्याचा धोका असतो. त्याच्याच बोलीत, घडलेल्या प्रसंगाची गोष्ट करून घेत पुढे गेले तर तोच मुलगा बोलू शकतो. दोष पद्धतीचा नसून भाषेचा आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

दुसरा विचार अधिक महत्त्वाचा. टेरी मॉफिट यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार, किशोरवयात नियमभंग करणाऱ्यांपैकी बहुतेकांचे हे वर्तन वयाबरोबर ओसरते. बालपणापासून दीर्घकाळ टिकणारे समाजविघातक वर्तन थोड्यांतच आढळते. म्हणजे पुष्कळदा उपचाराचे पहिले कर्तव्य मुलाचे अधिक नुकसान न करणे हे ठरते. नुकसान कसे होते याचेही पुरावे आहेत. टॉमस डिशन, जोन मॅककॉर्ड व त्यांचे सहकारी यांनी १९९९ मध्ये दाखवून दिले की, बिघडलेल्या मुलांना एकत्र बसवून घेतलेले गटकार्यक्रम काही वेळा त्यांचे वर्तन वाढवितात. मुले एकमेकांच्या प्रौढीला दाद देतात. अमेरिकेत मुलांना तुरुंगात नेऊन कैद्यांकरवी भेदरविण्याचा कार्यक्रम १९७० च्या दशकात गाजला; पुढील परीक्षणांत त्याने गुन्हे घटण्याऐवजी वाढतात, असे आढळले. आपल्याकडे 'एकदा पोलीस ठाण्यात बसवा, म्हणजे ठिकाणावर येईल' असे म्हणणारे सुशिक्षित पालक व शिक्षक कमी नाहीत.

याउलट स्कॉट हेंगलर यांच्या बहुव्यवस्था उपचारपद्धतीत मुलाला संस्थेत आणले जात नाही; उपचारक घरी जातो. आईवडिलांचे नियंत्रण, शाळा, मित्र, शेजार या सर्वांवर एकत्र काम होते. तिच्यासाठी लागणारे प्रशिक्षित मनुष्यबळ आपल्याकडे नाही, हे मान्य केले तरी तिचे तत्त्व घेता येते. पुण्याच्या 'मुक्तांगण'ने १९८६ पासून व्यसनमुक्तीच्या कामात रुग्णाच्या कुटुंबाला उपचारात सामील करून घेतले आणि घरी गेल्यानंतरच्या पाठपुराव्यालाही स्थान दिले. कुटुंबाधारित उपचार आपल्या मातीत रुजत नाहीत, असे म्हणण्यास त्यामुळे आधार उरत नाही.

शहापूर-मुरबाडचे वास्तव

ठाणे जिल्ह्यातील मुलांचे निरीक्षणगृह भिवंडी येथे आहे. शहापूरच्या पालकाला पडघ्यामार्गे, तर मुरबाडच्या पालकाला कल्याणमार्गे तेथे जावे लागते. वाडीवरून मुख्य रस्त्यापर्यंत चालत, पुढे जीप वा एस. टी., आणि त्या दिवसाची मजुरी बुडते ती निराळीच. समुपदेशन तेथेच होणार असेल तर आईवडील त्याच्या बाहेर राहतात. शिवाय निरीक्षणगृहातील वास्तव्य चौकशीपुरते असते. ओळख होऊन मुलगा बोलू लागेतो जामीन होतो आणि तो घरी परततो. सुटका होणे इष्टच, परंतु समुपदेशनाचा धागा तेथे तुटतो.

या भागातील प्रकरणांचा एक प्रकार स्वतंत्र विचार मागतो. २०१२ च्या पोक्सो कायद्याने लैंगिक संमतीचे वय अठरा केले. सतरा वर्षांचा मुलगा व सोळा वर्षांची मुलगी परस्परसंमतीने पळून गेल्यास मुलावर गंभीर गुन्हा नोंदविला जातो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यातील काही कलमांची किमान शिक्षा दहा व वीस वर्षे झाली आहे. किमान सात वर्षांची शिक्षा असलेला अपराध बाल न्याय कायद्यात 'निर्घृण' ठरतो. परिणामी सोळा वर्षांवरील मुलाचे प्राथमिक मूल्यमापन होऊन त्याला प्रौढाप्रमाणे खटल्यास तोंड द्यावे लागण्याची शक्यता निर्माण होते. मुलाची मानसिक क्षमता व परिणामांची जाण तपासणाऱ्या या मूल्यमापनासाठी, मंडळात बालमानसशास्त्राची पदवी असलेला सदस्य नसेल तर तज्ज्ञाचे साहाय्य घेणे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये बंधनकारक ठरविले. बलात्काराच्या हेतूने केलेला हल्ला व असे पलायन यांना एकाच उपचाराच्या चौकटीत बसविणे हे शास्त्राला धरून नाही. पहिल्यात पीडितेच्या वेदनेची जाण निर्माण करावी लागते. दुसऱ्यात जबाबदारी, मुलीचे आरोग्य, बालविवाहाचे धोके आणि दोन्ही घरांतील वैर यांविषयी बोलावे लागते.

कायद्याने दिलेली जागा

२०१५ च्या कायद्याचे कलम १८ वाचले असता असे दिसते की, विशेष गृहात ठेवणे हा मंडळापुढील अनेक पर्यायांपैकी एक आहे. मुलाला व पालकांना समुपदेशन करून घरी पाठविणे, गट-समुपदेशन, संस्थेच्या वा व्यक्तीच्या देखरेखीखाली समाजसेवा, आणि तीन वर्षांपर्यंत सद्वर्तनाच्या परिविक्षेवर पालकांकडे सोपविणे, हेही आदेश देता येतात. त्यांच्या जोडीला शाळा, व्यवसाय प्रशिक्षण, उपचार केंद्र वा व्यसनमुक्ती कार्यक्रमास उपस्थित राहण्याचे निर्देश देता येतात. परंतु तालुक्याच्या ठिकाणी देखरेख करणारेच कोणी नसेल तर मंडळ असा आदेश कोणाच्या भरवशावर देणार? येथे आपल्या महाविद्यालयांचा संबंध येतो. मानसशास्त्र व समाजशास्त्राचे अध्यापक, राष्ट्रीय सेवा योजनेचा अनुभव, आणि आठवड्यातून एक दिवस मोकळी मिळणारी खोली एवढी सामग्री शहापूर व मुरबाड येथे जमविणे अशक्य नाही. समाजसेवेचा आदेश झालेल्या मुलाला ग्रंथालयात वा रोपवाटिकेत काम देता येईल. अट एवढीच की, कलम ७४ नुसार त्याची ओळख गुप्त राहिली पाहिजे. तो कोण व कशासाठी येतो, हे विद्यार्थ्यांना कळता कामा नये. प्रकल्प अहवालासाठी अशा मुलांच्या 'केस स्टडी' गोळा करण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा.

परिविक्षा अधिकाऱ्याने पंधरा दिवसांत द्यावयाच्या सामाजिक तपासणी अहवालातही स्थानिक माहिती लागते. 'कुटुंबाची आर्थिक स्थिती : हलाखीची' एवढ्या ओळीने काहीच कळत नाही. हे कुटुंब दिवाळीनंतर भिवंडी-कल्याणकडील वीटभट्टीवर जाते काय, उचल किती घेतली आहे, मुलगा त्या काळात कोणाकडे असतो, शाळा नेमकी कोणत्या हंगामात सुटली, हे त्यात यावयास हवे. पाठपुराव्याचे वेळापत्रकही त्यावरूनच ठरते. आषाढात आवणीच्या वेळी मुलगा वाडीवर सापडेल. मार्गशीर्षात त्याची भेट भट्टीवर, संध्याकाळी काम थांबल्यावरच होऊ शकते, आणि ती भट्टी दुसऱ्या तालुक्यात असेल तर तेथील कार्यकर्त्याकडे नोंदी वेळेवर पोचवाव्या लागतील.