फीडबॅक मिळाला, पुढे काय?

इंग्लंडमधल्या कौन्सिल्स एकमेकींचं ‘अप्रेझल’ करतात. त्यातल्या एकीने आलेला सल्ला ऐकून घेतला आणि फाइलला लावून टाकला. त्याची ही गोष्ट. ऑफिसला जाणाऱ्या प्रत्येकासाठी!

अप्रेझलचा सीझन आला की ऑफिसची हवाच बदलते. एरवी साडेसहाला बॅग उचलणारी मंडळी आठपर्यंत खुर्चीला चिकटलेली दिसतात, बॉसच्या फुसक्या जोकवर हशा पिकतो आणि कँटीनमध्ये एकच विषय, ‘तुला काय रेटिंग मिळालं?’ मग तो फॉर्म. तुमचे गुण, तुमच्या उणिवा, खाली दोघांच्या सह्या. आणि पुढे? पुढच्या वर्षी तोच फॉर्म, त्याच ओळी, तारीख तेवढी नवी.

या ‘पुढे काय?’चं मला सापडलेलं सगळ्यात बोलकं उदाहरण कुठल्या मल्टिनॅशनल कंपनीचं नाही. ते आहे इंग्लंडमधल्या कौन्सिल्सचं. कौन्सिल म्हणजे साधारण आपली महापालिका किंवा जिल्हा परिषद समजा. रस्ते, कचरा, लायब्ररी, एकट्या राहणाऱ्या वृद्धांची देखभाल अशी रोजची कामं करणारी. सरकारी विषय दिसतोय म्हणून पान उलटू नका. यात बॉस आहे, बजेट आहे, नवंकोरं ऑफिस आहे आणि न वाचलेला फीडबॅकही आहे.

वर्गणी भरा, बोलणी खा

या कौन्सिल्सची एक संघटना आहे, लोकल गव्हर्नमेंट असोसिएशन. थोडक्यात एलजीए. तीन जुन्या संघटना एकत्र येऊन १९९७ मध्ये ती सुरू झाली. लंडनच्या स्मिथ स्क्वेअरमध्ये, पार्लमेंटपासून चालत जाण्याच्या अंतरावर तिचं ऑफिस आहे. याच इमारतीत एके काळी लेबर पक्षाचं मुख्यालय होतं.

एलजीएचं सदस्यत्व सक्तीचं नाही. वर्गणी भरायची आणि सभासद व्हायचं. पटलं नाही तर बाहेर पडायचं. संघटनेने आपल्या वतीने सरकारशी भांडावं, ही सभासदांची पहिली अपेक्षा. पण ती आणखी एक काम करते. ते म्हणजे सभासदांना आरसा दाखवणं!

पूर्वी हे काम ऑडिट कमिशन नावाची सरकारी संस्था करायची. २००२ पासून तर ती कौन्सिल्सना शाळेसारखे शेरे द्यायची, ‘उत्कृष्ट’पासून थेट ‘निकृष्ट’पर्यंत. २०१० मध्ये सरकारने हे कमिशन गुंडाळायचं ठरवलं आणि मार्च २०१५ मध्ये त्याला कायमचं टाळं लागलं. दरम्यान २०११ मध्ये कौन्सिल्सची भूमिका ठरली होती. आमची सुधारणा आम्हीच एकमेकांच्या मदतीने करू. त्यातून आलं ‘पीअर चॅलेंज’.

पद्धत साधी आहे. दुसऱ्या कौन्सिल्समधले नगरसेवक आणि वरिष्ठ अधिकारी तीन-चार दिवस तुमच्याकडे येऊन बसतात. कागद वाचतात, नेत्यापासून ज्युनिअर स्टाफपर्यंत सगळ्यांशी बोलतात. कामाचा अग्रक्रम बरोबर आहे का, नेतृत्व कसं आहे, कारभार आणि कामाचं वातावरण कसं आहे, पैशाचं गणित जमतंय का आणि सुधारायची ताकद आहे का, असे पाच मुख्य विषय. शेवटी शिफारशींची यादी. मार्क नाहीत, रँक नाही, दंडही नाही. स्पष्ट बोलणारा मित्र, एवढाच रोल.

वाचायला झकास वाटतं. पण गोम इथेच आहे. ज्यांच्या वर्गणीवर संघटना चालते, त्यांनाच कडू बोलायचं. आणि समजा बोललं, त्यांनी मान डोलावली आणि काहीच केलं नाही, तर? संघटनेच्या हातात छडी नाही.

नॉर्दम्प्टनशरची गोष्ट

‘तर?’चं उत्तर नॉर्दम्प्टनशर या काउंटी कौन्सिलने दिलं. लंडनच्या उत्तरेला असलेली ही कौन्सिल १८८९ पासूनची. एलजीएच्या पीअर टीमने २०१३ मध्ये तिची पाहणी केली होती. त्यानंतर कौन्सिलने मोठा बेत आखला. बरीचशी कामं वेगवेगळ्या संस्थांकडे सोपवायची आणि आपण सुटसुटीत व्हायचं. प्रेझेंटेशनमध्ये असले बेत छानच दिसतात. प्रत्यक्षात खर्च आटोक्यात येईना. मग मालमत्ता विकून एकदाच मिळणारा पैसा रोजच्या खर्चाची भोकं बुजवायला लागला. घर विकून किराणा भरण्यातला प्रकार!

सप्टेंबर २०१७ मध्ये एलजीएची टीम पुन्हा आली, या वेळी फक्त पैशाचे व्यवहार तपासायला. पुढच्याच महिन्यात कौन्सिलच्या नव्या मुख्यालयाचं उद्घाटन झालं. खर्च ५ कोटी ३० लाख पौंड. फीत कापायला खुद्द मंत्री साजिद जाविद हजर. त्याच मंत्र्यांनी जानेवारी २०१८ मध्ये कौन्सिलच्या तपासणीसाठी मॅक्स कॅलर या अनुभवी अधिकाऱ्याची नेमणूक केली.

फेब्रुवारी २०१८ मध्ये कौन्सिलला ‘कलम ११४’ची नोटीस काढावी लागली. म्हणजे कायद्याने सक्तीची कामं सोडून नवा खर्च बंद. इंग्लंडमध्ये सुमारे दोन दशकांत अशी वेळ आली नव्हती. त्याच सुमारास ३६ पैकी २१ लायब्रऱ्या बंद करायचं ठरलं. लोक कोर्टात गेले आणि ऑगस्टमध्ये हायकोर्टाने तो निर्णय बेकायदा ठरवला. ‘फाइलला लावलेला फीडबॅक’ म्हणजे काय, हे इथे कळतं. त्याची किंमत मीटिंगमध्ये बसलेल्यांनी नाही, गोष्टीच्या पुस्तकासाठी लायब्ररीत येणाऱ्या पोरांनी चुकवायची वेळ आली होती.

मार्चमध्ये कॅलर यांचा अहवाल आला. मला त्यातला पैशांचा भाग फारसा धक्कादायक वाटला नाही. सरकारकडून निधी कमी मिळतो हे कौन्सिलचं रडगाणं त्यांनी मान्य केलं नाही. तशाच तंगीत बाकीच्या काउंटी कौन्सिल्स तगल्या होत्या. मला भिडला तो दुसरा मुद्दा. बाहेरून किंवा आतून कुणीही टीका केली, तरी ही कौन्सिल धड प्रतिसादच देत नव्हती. तिच्याच नगरसेवकांना रास्त प्रश्नांची उत्तरं मिळत नव्हती. सल्ला कमी पडला नव्हता, तो घ्यायला कुणी जागेवर नव्हतं.

डागडुजी करत बसू नका, नवी सुरुवात करा, अशी कॅलर यांची शिफारस होती. ती अमलात आली. १ एप्रिल २०२१ रोजी नॉर्दम्प्टनशर काउंटी कौन्सिल बरखास्त झाली आणि तिच्या जागी दोन नव्या कौन्सिल्स आल्या. १३० वर्षांची संस्था इतिहासजमा!

छडी नाही, कॅलेंडर आहे

आता एलजीएच्या पीअर चॅलेंजला तारखांची जोड आहे. दर पाच वर्षांनी किमान एकदा ही पाहणी करून घ्यावी, ही अपेक्षा. टीम येऊन गेल्यावर तीन महिन्यांत अहवाल लोकांसाठी खुला करायचा. पाच महिन्यांत शिफारशींवर काय करणार याचा आराखडा जाहीर करायचा. आणि वर्षभरात टीम परत येऊन विचारणार, ‘काय झालं त्याचं?’ या फेरीचा अहवालही सगळ्यांसमोर.

बघा, शिक्षा यात अजूनही नाही. पण उत्तर लेखी, तारखेसकट आणि चारचौघांत द्यायचं म्हटलं की माणूस जरा सरळ बसतो. स्थानिक पत्रकार वाचतो, विरोधी नगरसेवक वाचतो, कर भरणारे आजोबाही वाचतात. यामुळे प्रत्येक कौन्सिल सुधारेल असं नाही. नंतरच्या काळातही काही कौन्सिल्सवर कलम ११४ची वेळ आलीच. २०२३ मध्ये तर बर्मिंगहॅमसारख्या मोठ्या शहरावर. पण निदान ‘आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं’ म्हणायची सोय राहत नाही.

आपल्या ऑफिसातली ३६० डिग्री वगैरे प्रकरणं नेमकी इथेच मार खातात, असं मला वाटतं. मी पूर्वी होतो त्या एका कंपनीत आम्ही सगळ्यांनी मन लावून सर्व्हे भरला होता. त्यावर पिझ्झा मिळाला. उत्तर मात्र कधीच मिळालं नाही. पुढच्या सर्व्हेला निम्म्या टीमने सगळीकडे ‘ठीक’वर टिक मारून तो पाच मिनिटांत उरकला. विचारून गप्प बसणं हे न विचारण्यापेक्षा वाईट, ते असं.

चौकट : पुढच्या अप्रेझलला करून बघा

* प्रत्येक सूचनेपुढे तीनपैकी एक शब्द लिहा : मान्य, थोडं मान्य, अमान्य. अमान्य असेल तर कारणही लिहा. ‘नोंद घेतली’ हे उत्तर नव्हे.
* मान्य केलेल्या प्रत्येक गोष्टीपुढे एक नाव आणि एक तारीख टाका. ‘आपण सगळे मिळून’ म्हणजे कुणीच नाही.
* फीडबॅक देणाऱ्यालाच सहा महिन्यांनी चहाला बोलवा आणि विचारा, फरक दिसतोय का?
* टीम लीड असाल तर तुमचं उत्तर टीमला वाचायला द्या. थोडं अवघड वाटेल. वाटू दे.
* एकच तक्रार दोन वर्षं आली, तर तिसऱ्या वर्षाची वाट बघू नका. नॉर्दम्प्टनशरने पाहिली होती.