'थोडे' आणि 'थोडेच' : इंग्रजीतील छोट्या शब्दांची मोठी बात

नोकरीच्या अर्जात एखादा तरुण लिहितो, 'आय हॅव लिटल एक्सपीरियन्स.' त्याला म्हणायचे असते, मला थोडाफार अनुभव आहे. वाचणारा मात्र समजतो, याला अनुभव जवळजवळ नाहीच. 'लिटल'च्या आधीचा 'अ' राहिला आणि अर्थ उलटला. मुलांच्या वह्या तपासताना आम्हा शिक्षकांना ही चूक वारंवार दिसते. ती सुधारण्याची किल्ली मात्र आपल्या घरातल्या भाषांतच आहे.

मराठीत हे काम 'च' करतो. 'थोडे पाणी आहे' यात दिलासा आहे, 'थोडेच पाणी आहे' यात काळजी. इंग्रजीत पहिल्यासाठी 'अ लिटल वॉटर', दुसऱ्यासाठी नुसते 'लिटल वॉटर'. मोजता येणाऱ्या गोष्टींसाठी 'अ फ्यू' आणि 'फ्यू' तसेच वापरतात. 'अ फ्यू गेस्ट्स केम' म्हणजे काही पाहुणे आले. 'फ्यू गेस्ट्स केम' म्हणजे फारसे कोणी आलेच नाही.

मोजता येते की नाही, हे स्वयंपाकघरात सहज शिकवता येते. शीरखुर्म्यात खजूर मोजून घालतो, म्हणून 'हाऊ मेनी डेट्स?' दुधाला माप लागते, म्हणून 'हाऊ मच मिल्क?' 'अ लॉट ऑफ' मात्र दोन्हींना चालते.

काही शब्द फसवतात. उर्दूत 'मालूमात' अनेकवचनी, म्हणून उर्दू माध्यमातील मुलांना 'इन्फर्मेशन्स' बरोबर वाटते. मराठीतील 'माहिती' एकवचनी आहे आणि इंग्रजी इथे मराठीच्या बाजूने आहे. 'अ‍ॅडव्हाइस', 'फर्निचर' आणि 'होमवर्क' यांनाही शेवटी 'एस' लागत नाही. एकच सल्ला सांगायचा तर 'अ पीस ऑफ अ‍ॅडव्हाइस' म्हणावे.

'एव्हरी'नंतर एकवचन येते. आपण 'प्रत्येक मुलगा' म्हणतो, 'प्रत्येक मुलगे' म्हणत नाही. उर्दूतही 'हर लडका'च. मग 'एव्हरी बॉईज' कशाला?

राहिला 'द'. त्याचा प्रश्न मकतबात थोडी अरबी शिकलेल्या मुलांना सोपा जावा. 'किताबुन' म्हणजे कोणतेही एक पुस्तक, 'अल-किताब' म्हणजे ते ठरावीक पुस्तक. 'अ बुक' आणि 'द बुक' यांतही हाच फरक आहे. पण ही तुलना सगळीकडे लागू होत नाही. अरबीत सब्र आणि इल्म यांनाही 'अल' लागतो. इंग्रजीत सर्वसाधारण अर्थाने 'पेशन्स' किंवा 'नॉलेज' म्हणताना आधी 'द' येत नाही.

अम्मी-अब्बांना इंग्रजी येत नसले तरी त्यांनी मुलांना एवढेच विचारावे : 'बेटा, तुला थोडे म्हणायचे आहे की थोडेच?' उत्तर मिळाले की योग्य इंग्रजी शब्द मूल स्वतःच शोधेल.