डिस्क स्ट्रायपिंग : वेग आणि सुरक्षितता यांचा मेळ

प्रस्तावना : पुणे-सोलापूर महामार्गावर दौंड तालुक्यातील कासुर्डी येथे पूर्वी पथकर नाका होता. वाहने अनेक मार्गिकांत विभागली की कमी वेळात अधिक वाहने पुढे जातात. डिस्क स्ट्रायपिंगचे तत्त्वही असेच आहे. मात्र नाक्यावरील एक मार्गिका बंद पडल्यास वाहने दुसरीकडे वळविता येतात. स्ट्रायपिंगमध्ये एक डिस्क बंद पडल्यास फाइलच खंडित होते. या तंत्राचे गुणदोष या फरकातून स्पष्ट होतात.

स्वरूप : स्ट्रायपिंगमध्ये माहितीचे समान आकाराचे तुकडे करून ते क्रमाने निरनिराळ्या डिस्कवर लिहिले जातात. चार डिस्क एकाच वेळी कार्य करीत असल्याने मोठी फाइल वाचण्याचा वेग चौपटीच्या जवळ जातो. तुकडा लहान असल्यास एकाच मोठ्या मागणीसाठी सर्व डिस्क राबतात; तो मोठा असल्यास अनेक लहान मागण्या स्वतंत्र डिस्कवर एकाच वेळी पूर्ण होऊ शकतात.

मर्यादा : एक डिस्क वर्षभरात बिघडण्याची शक्यता २ टक्के मानली, तर आठांपैकी किमान एक बिघडण्याची शक्यता सुमारे १५ टक्के होते. केवळ स्ट्रायपिंग असलेल्या रेड-० रचनेत असा एक बिघाड सर्व माहिती निरुपयोगी करू शकतो.

उपाय : पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ यांनी १९८८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील शोधनिबंधात रेडची संकल्पना मांडली. रेड-५ मध्ये एका डिस्कइतकी जागा पॅरिटीसाठी खर्च होते व एक बिघाड सोसता येतो. परंतु एका लहान नोंदीसाठी सामान्यतः दोन वाचने व दोन लेखने करावी लागतात. रेड-६ दोन बिघाड सोसते, पण लेखनाचा भार आणखी वाढतो. रेड-१० मध्ये लेखन जलद होते. मात्र निम्मी क्षमता प्रतिरूपासाठी जाते. शिवाय १६ टेराबाइटची डिस्क सेकंदाला २०० मेगाबाइट वेगाने पुन्हा भरण्यास सुमारे २२ तास लागतात. या काळात रेड-५ ला दुसरा बिघाड सोसत नाही.

उपयोजन : पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेत २०२४ मध्ये कार्यान्वित झालेल्या 'अर्क' महासंगणकाची साठवण क्षमता ३३ पेटाबाइट आहे. एवढी माहिती एका डिस्कवर मावणे अशक्यच होय. हवामान-गणनेतील मधली आकडेमोड गमावल्यास ती पुन्हा करता येते. शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावरील फेरफार मात्र गणिताने पुन्हा निर्माण होत नाही. म्हणून पहिल्या प्रकारच्या माहितीसाठी वेगाला, तर दुसऱ्या प्रकारासाठी सुरक्षिततेला प्राधान्य देणे उचित ठरते.

समारोप : कोणतीही रेड रचना चुकून पुसलेली नोंद परत देत नाही. म्हणून साठवण रचना कोणतीही निवडली, तरी अन्यत्र ठेवलेली स्वतंत्र प्रत अनिवार्य ठरते.