कॅलेंडरवरचा देव आणि कलावंताची कात्री

शिरूर किंवा दौंडच्या बाजारपेठेतल्या किराणा दुकानाचं कॅलेंडर नीट पाहावं. वर गणपती किंवा लक्ष्मी, खाली दुकानाचं नाव, मोबाइल नंबर आणि तारखांची पानं. वर्ष सरलं की तारखा रद्दीत जातात; देवाचं चित्र टाकवत नाही, ते कापून भिंतीला लागतं. जाहिरात आणि देव एकाच कागदावर नांदतात, यात आपल्याला काही वावगं वाटत नाही. जाहिराती आणि बाजारातल्या वस्तूंनाच कलेचा विषय करणाऱ्या पॉप आर्टचं आपल्याकडचं मूळ मला या कागदात दिसतं.

ही कला परदेशातून उचललेली, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. रिचर्ड हॅमिल्टनने 1956 मध्ये लंडनला मासिकांतली चित्रं कापून आधुनिक दिवाणखान्याचं कोलाज केलं. अँडी वॉरहॉलने 1962 मध्ये सूपच्या डब्यांची 32 चित्रं मांडली. त्यानंतर 1965 मध्ये मुंबईत चित्रकार भूपेन खख्खर यांची कोलाजं प्रदर्शित झाली. खख्खर 1934 मध्ये मुंबईत जन्मले, शिक्षणाने चार्टर्ड अकाउंटंट, पुढे बडोद्यात स्थायिक झाले. बाजारात मिळणारी देवदेवतांची छापील चित्रं कापून त्यांनी चिकटवली, त्यांवर रंगाचे फटकारे ओढले, भिंतीवर खरडावीत तशी अक्षरं लिहिली. ब्रिटिश पॉप आर्ट त्यांना ठाऊक होतं, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण कात्रीखाली आलेला कागद कुठला होता? राजा रविवर्म्याचा छापखाना 1894 मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे आपल्याच पुणे जिल्ह्यात, लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. या छापखान्याने देवांना स्वस्तात घरोघरी पोचवलं. जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायशरकडे तो आल्यावर तिथे मालाची लेबलं आणि जाहिरातीही छापल्या जाऊ लागल्या. घरी आणलेल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या चित्रांवर लोक जर, टिकल्या, कापडाचे तुकडे चिकटवत आणि मग काच बसवत. म्हणजे चिकटचित्राची रीत इथल्या घरांत गॅलरीच्या कितीतरी आधीपासून होती. हॅमिल्टनला जाहिरात आणि कला यांच्यामधली भिंत ओलांडावी लागली. आपल्याकडे ती भिंत मुळात फारशी उंच नव्हती, त्यामुळे खख्खर यांचं काम वेगळं ठरतं: इथल्या उपभोग्य चित्राला भक्तीचाही वास आहे.

देवाच्या चित्राला कात्री लावणं हा अनादर नव्हे का, हा प्रश्न अधिक गंभीर आहे आणि तो विचारणाऱ्याची भावना खरी असते. मात्र त्याच देवाला अगरबत्तीच्या पुड्यावर छापून आपण पुडा रिकामा झाल्यावर टाकून देतो. कोलाज त्या चित्राला कचऱ्यातून काढून पुन्हा डोळ्यांसमोर धरतं. मग चौकातला वाढदिवसाचा फ्लेक्सही पॉप आर्ट म्हणायचा का? त्यातही कोपऱ्यात देव, मधे नेता, खाली शुभेच्छुकांच्या चेहऱ्यांच्या रांगा असतात. पण फ्लेक्स करणारा संगणकावर सगळे सांधे पुसतो, कारण सगळे एकाच दरबारात उभे आहेत असं त्याला भासवायचं असतं. खख्खर कापलेली कड उघडी ठेवतात. शिरूर तालुक्यातल्या रांजणगावात अष्टविनायकांतला महागणपती आहे आणि तिथल्याच औद्योगिक वसाहतीत व्हर्लपूल, एलजीचे कारखाने. या दोहोंना एका फलकावर गुळगुळीत बसवणं सोपं आहे. कोलाजात कोणता तुकडा देवघरातून आला आणि कोणता दुकानातून, हे पाहणाऱ्याला ओळखता येतं, आणि आपण दोघांसमोर सारख्याच ओढीने उभे राहतो का, हेही त्याला स्वतःला विचारता येतं.