विश्लेषण : एन्काऊंटर चुकला तर पुढे काय? रजनीकांतचा ‘वेट्टैयन’ आणि वाशी, तळोजाची दोन प्रकरणे

आपण निर्दोष माणसाला मारले, हे कळल्यावर एन्काऊंटर करणाऱ्या अधिकाऱ्याने काय करायचे? रजनीकांतचा ‘वेट्टैयन’ या प्रश्नावर उभा आहे. हा तमिळ चित्रपट १० ऑक्टोबर २०२४ रोजी प्रदर्शित झाला. त्याच्या १७ दिवस आधी नवी मुंबईतील तळोजा कारागृहातून बाहेर काढलेला एक आरोपी पोलीस व्हॅनमध्ये गोळी लागून ठार झाला होता. पडद्यावरचे प्रायश्चित्त आणि प्रत्यक्षातला कायदा यांत किती अंतर आहे, ते पाहू.

चित्रपटाची गोष्ट काय?

रजनीकांतचा अतियन हा एन्काऊंटरसाठी प्रसिद्ध असलेला पोलीस अधीक्षक. एका शिक्षिकेवर शाळेतच बलात्कार होऊन तिचा खून होतो. लोक संतापतात, सरकारवर दबाव येतो आणि अतियन संशयित तरुणाला गोळ्या घालतो. त्यानंतर न्यायमूर्तींच्या भूमिकेतील अमिताभ बच्चन त्याला दाखवून देतात, की तो तरुण गुन्हेगार नव्हता. इथून पुढे अतियन तीच केस नव्याने तपासतो. शेवट सांगत नाही. चित्रपट प्राइम व्हिडीओवर आहे. दिग्दर्शक टी. जे. ज्ञानवेल यांनी याआधी कोठडीतील मृत्यूवर ‘जय भीम’ (२०२१) केला होता.

रजनीकांतसाठी ही भूमिका वेगळी का?

शिवाजीराव गायकवाड हे रजनीकांतचे मूळ नाव. बंगळूरुच्या मराठी कुटुंबात १२ डिसेंबर १९५० रोजी त्यांचा जन्म झाला. वडील पोलीस शिपाई होते. ‘वेट्टैयन’ आला तेव्हा ते ७३ वर्षांचे होते. प्रत्यक्षात आयपीएस अधिकारी साठीला निवृत्त होतो.

‘अंधा कानून’ (१९८३) या पहिल्या हिंदी चित्रपटात त्यांचा नायक कायद्यावर विसंबून न राहता सूड घेतो. ‘दरबार’मध्ये (२०२०) ते मुंबईचे पोलीस आयुक्त झाले आणि एकामागून एक एन्काऊंटर करत सुटले. ‘वेट्टैयन’मध्ये मात्र त्याच नायकाला स्वतःच्या गोळीचा हिशेब द्यावा लागतो. ‘हम’नंतर (१९९१) ३३ वर्षांनी अमिताभ आणि रजनीकांत एकत्र आले, तेही या वादात समोरासमोर.

एन्काऊंटरनंतर कायद्याने काय व्हायला हवे?

मुंबई पोलिसांच्या १९९५ ते १९९७ या काळातील सुमारे ९९ चकमकी आणि त्यांतील जवळपास १३५ मृत्यूंचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २३ सप्टेंबर २०१४ रोजी न्यायालयाने १६ मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. त्यांतील मुख्य अशी:

• चकमकीत मृत्यू झाल्यास एफआयआर नोंदवणे बंधनकारक.
• तपास सीआयडीने किंवा दुसऱ्या पोलीस ठाण्याच्या पथकाने करायचा.
• दंडाधिकाऱ्यांमार्फत चौकशी व्हायलाच हवी.
• संबंधित पोलिसांनी शस्त्रे तपासणीसाठी जमा करायची.
• घटनेनंतर लगेच बढती किंवा शौर्य पुरस्कार द्यायचा नाही.

वाशीचे प्रकरण काय होते?

रामनारायण गुप्ता ऊर्फ लखनभैया याला ११ नोव्हेंबर २००६ रोजी वाशीतून उचलण्यात आले. त्याच दिवशी वर्सोव्यात तो ‘चकमकीत’ ठार झाल्याचे पोलिसांनी जाहीर केले. त्याचा वकील भाऊ न्यायालयात गेला. २००९ मध्ये उच्च न्यायालयाने एसआयटी नेमली. लखनभैयासोबत उचललेला त्याचा मित्र या खटल्यातील महत्त्वाचा साक्षीदार होता. २०११ मध्ये साक्ष देण्याआधीच तो बेपत्ता झाला आणि नंतर त्याचा मृतदेह सापडला.

जुलै २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने १३ पोलिसांसह २१ जणांना जन्मठेप सुनावली. माजी अधिकारी प्रदीप शर्मा निर्दोष सुटले. १९ मार्च २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ती सुटका रद्द करून शर्मांनाही जन्मठेप दिली. शर्मा सर्वोच्च न्यायालयात गेले आणि एप्रिल २०२४ मध्ये त्यांना तूर्त शरण येण्यापासून दिलासा मिळाला. म्हणजे घटनेपासून उच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत १७ वर्षे गेली.

तळोजाहून निघालेल्या व्हॅनमध्ये काय घडले?

बदलापूरच्या शाळेतील दोन चिमुरड्यांवरील अत्याचाराचा आरोपी तळोजा कारागृहात होता. मार्गदर्शक तत्त्वांना बरोबर दहा वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, २३ सप्टेंबर २०२४ रोजी, पोलीस त्याला ठाण्याकडे नेत होते. त्याने पिस्तूल हिसकावून गोळीबार केला आणि स्वसंरक्षणार्थ त्याच्यावर गोळी झाडावी लागली, असे पोलिसांनी सांगितले. अनेकांनी जल्लोष केला. जानेवारी २०२५ मध्ये दंडाधिकाऱ्यांच्या अहवालात व्हॅनमधील पाच पोलिसांना जबाबदार धरण्यात आले. फेब्रुवारीत आरोपीच्या आई-वडिलांनी हा खटला पुढे चालवायचा नसल्याचे न्यायालयाला सांगितले. तरीही उच्च न्यायालयाने प्रकरण बंद केले नाही; एप्रिलमध्ये एसआयटीचा आदेश दिला.

मग फरक कुठे?

चित्रपटात मारणारा अधिकारीच फाइल पुन्हा उघडतो. वाशीच्या प्रकरणात ती भावाला उघडायला लावावी लागली, तळोजाच्या प्रकरणात कुटुंब थकल्यावर न्यायालयाने ती उघडी ठेवली. अतियनला पश्चात्ताप होतो म्हणून सत्य बाहेर येते. मात्र कायदा कुणाच्या पश्चात्तापाची वाट पाहत नाही, म्हणून तर एफआयआर, शस्त्रतपासणी आणि दंडाधिकाऱ्यांची चौकशी बंधनकारक आहे. मेलेला माणूस दोषी होता की निर्दोष, हे गोळी झाडताना कुणालाच सिद्ध करता येत नाही. ते ठरायचे न्यायालयात, आणि तिथे उभे राहायला आरोपी जिवंत असावा लागतो.